शेठचे मत, आमचे मत आणि ग्राहकाचा कौल
वेबसाइटच्या धंद्यातील तंटे चाचणीने कसे मिटवावेत?

वेबसाइट बनविण्याचा धंदा आता बड्या शहरांतील बड्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, सोलापूर अशा ठिकाणीही अनेक तरुण एक संगणक व इंटरनेटची जोडणी यांच्या बळावर हे काम करीत आहेत. हे काम शिकणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते काम देणाऱ्या मालकाशी निभावून नेणे. या धंद्यात नुकसान होते ते बहुधा काम येत नाही म्हणून नव्हे, तर झालेले काम मालकाला पसंत पडत नाही आणि शेवटचा हप्ता अडकून राहतो म्हणून.

आमचाच अनुभव सांगतो. चादरी व टॉवेलांचे एक घाऊक व्यापारी आमच्याकडे आले. पहिल्या पानावर त्यांना कारखान्याची हलती चित्रफीत हवी होती. मालाचे दर मात्र नाव-पत्ता भरून दिल्याखेरीज दिसू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. आमचे म्हणणे असे की, मालाची छायाचित्रे व दर समोरच असावेत. दीड महिना वाद चालला. पहिले पान सात वेळा बदलले. प्रत्येक वेळी ते म्हणत, ‘‘मजा नाही आली.’’ आम्ही म्हणत असू, ‘‘शेठ, हल्ली असेच चालते.’’ अखेरीस चाळीस टक्के रक्कम बुडाली, संबंधही तुटले. पुढे विचार करता ध्यानात आले की, त्या दीड महिन्यात त्यांच्या एकाही ग्राहकाला कोणी काही विचारले नव्हते.

तंट्याचे मूळ कोठे आहे?

मालक आपला माल जाणतो, बाजार जाणतो. आपण पडदा जाणतो, अक्षर व रंग जाणतो. परंतु वेबसाइट वापरणारा तिसराच असतो. तो मोबाइल हातात धरून, बसमध्ये उभ्याने, अर्धे लक्ष देऊन आपले पान पाहतो. त्याच्या मनाचा अंदाज मालकही बांधतो आणि आपणही बांधतो. दोन अंदाजांचा वाद कितीही वेळ चालू शकतो, कारण त्यात पुरावा कोणाकडेच नसतो. मग ज्याचा पैसा त्याचे मत चालते, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचे. दोन्ही प्रकारांत एकाला हार मानावी लागते, आणि हार मानलेला माणूस पुढच्या प्रत्येक गोष्टीत अडून बसतो.

यावर उपाय असा की, दोन्ही कल्पना प्रत्यक्ष बनवाव्यात, त्या ग्राहकांपुढे ठेवाव्यात आणि ग्राहकांच्या वागण्यावरून निर्णय घ्यावा. या पद्धतीला धंद्यात ‘ए-बी टेस्टिंग’ म्हणतात. येणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना ‘अ’ पान दिसते, निम्म्यांना ‘ब’ पान दिसते. कोणाला कोणते पान दिसावे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे संगणक ठरवितो. ठरलेल्या मुदतीनंतर कोणत्या पानावरून अधिक ऑर्डरी आल्या ते मोजायचे, इतकेच.

कल्पना जुनीच आहे

ही युक्ती संगणकाबरोबर आलेली नाही. अमेरिकेतील जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिले. त्या काळी जाहिरातीखाली कूपन छापलेले असे आणि वाचक ते कापून टपालाने पाठवीत. दोन वेगळ्या जाहिरातींच्या कूपनांवर वेगळी खूण ठेवली की कोणत्या जाहिरातीने किती गिऱ्हाईक आणले ते पाकिटे मोजून कळत असे. जाहिरातीचे प्रश्न टेबलाभोवती वाद घालून सोडवू नयेत, चाचणी घेऊन सोडवावेत, हेच हॉपकिन्स यांचे सांगणे होते. संगणकाने हीच मोजणी सोपी व स्वस्त केली आहे.

जाणकारांचाही अंदाज चुकतो

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारमोहिमेत डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या वेबसाइटच्या प्रवेशपानाची चाचणी घेण्यात आली. या कामाची धुरा डॅन सिरोकर यांच्याकडे होती. बटणावर कोणते शब्द असावेत याचे चार प्रकार होते, तर वर काय दाखवावे याचे सहा, म्हणजे तीन छायाचित्रे व तीन चित्रफिती. एकूण चोवीस जोड्या झाल्या. ३,१०,३८२ लोकांनी ही पाने पाहिली. म्हणजे प्रत्येक जोडी सुमारे तेरा हजार लोकांपुढे गेली.

मोहिमेतील कार्यकर्त्यांचा कल एका चित्रफितीकडे होता. निकाल उलटा लागला. तिन्ही चित्रफिती तिन्ही छायाचित्रांच्या मागे पडल्या. ओबामा यांचे सहकुटुंब छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’, म्हणजे ‘अधिक जाणून घ्या’, हे बटण ही जोडी पहिली आली. मूळ पानावर शंभरांतील ८.२६ लोक नाव नोंदवीत होते, नव्या पानावर ११.६ नोंदवू लागले. ही वाढ सुमारे चाळीस टक्के झाली. कार्यकर्ते हुशार होते, जिवाचे रान करीत होते, तरीही त्यांचा अंदाज चुकला. चाचणी झाली नसती तर ती चित्रफीतच पुढे आली असती आणि किती नोंदणी हातची गेली हे कोणाला कळलेही नसते.

दुसरे उदाहरण अ‍ॅमेझॉनचे. तेथे नोकरीत असताना ग्रेग लिंडन यांनी एक कल्पना मांडली. ग्राहकाच्या टोपलीत जो माल आहे तो पाहून त्याला आणखी काही वस्तू सुचवाव्यात, अशी ती कल्पना होती. एका बड्या अधिकाऱ्याने कडाडून विरोध केला. पैसे भरावयास निघालेल्या माणसाचे लक्ष विचलित होईल, असे त्याचे म्हणणे होते आणि ते अगदीच वेडेपणाचे नव्हते. लिंडन यांना काम थांबविण्यास सांगण्यात आले. त्यांनी तरीही चाचणी लावली. तेथील रिवाज असा की, चाचणी अडविणे बड्या अधिकाऱ्यालाही सोपे नव्हते. निकाल इतका स्पष्ट लागला की वाद तेथेच संपला आणि ती सोय लौकरच सुरू करण्यात आली.

मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या शोधयंत्रात २०१२ साली असेच घडले. जाहिरातीचे शीर्षक दाखविण्याच्या पद्धतीत एक लहानसा बदल एका कर्मचाऱ्याने सुचविला होता. वरिष्ठांना तो महत्त्वाचा वाटला नाही आणि सूचना सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिली. शेवटी एका इंजिनिअरने चाचणी लावली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत ही वाढ वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक होती.

ही उदाहरणे मालकाला चूक ठरविण्यासाठी नाहीत. याच मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी चाचण्यांचे काम पाहणारे रॉनी कोहावी यांचा अनुभव असा की, तपासलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक तृतीयांश कामी येतात, एक तृतीयांशाने काही फरक पडत नाही आणि उरलेल्या एक तृतीयांशाने नुकसान होते. तेथील जाणकारांची ही गत असेल तर शेठचा अंदाज चुकणे नवल नाही आणि आपला चुकणेही नवल नाही.

मालकापुढे मांडावे कसे?

येथे शब्दांना फार महत्त्व आहे. ‘‘शेठ, तुमचे चूक आहे, हवे तर चाचणी घेऊन दाखवतो,’’ असे म्हटले की काम बिघडले. ही चाचणी राहत नाही, आव्हान होते. आम्ही आता असे म्हणतो : ‘‘शेठ, तुमचे पानही बनवू आणि आमचेही बनवू. दोन्ही लावू. ज्या पानाने तुम्हाला जास्त गिऱ्हाईक मिळेल ते ठेवू. तुमचे जिंकले तर आनंदच आहे.’’ यात मालकाचा मान राहतो. त्याचे पान नाकारले जात नाही, उलट ते मन लावून बनविले जाते. आमच्या अनुभवात या बोलण्याला नकार देणारा मालक क्वचितच भेटतो, कारण व्यापाऱ्याला हिशोब आवडतो.

मात्र एक पथ्य पाळलेच पाहिजे. मालकाचे पान मुद्दाम कच्चे ठेवू नये. आपल्या पानावर चार दिवस घालवायचे आणि त्याच्या पानावर चार तास, ही बेइमानी आहे. ती लपतही नाही.

भागीदारीच्या धंद्यात ही पद्धत विशेष उपयोगी पडते. मोठे भाऊ एक सांगतात, धाकटे दुसरे, आणि कॉलेजात शिकणारा भाचा तिसरेच. आपण कोणा एकाची बाजू घेतली की उरलेले दोघे दुरावतात. अशा वेळी, ‘‘तुम्ही तिघे मिळून दोन कल्पना ठरवा, निकाल ग्राहक देतील,’’ असे म्हणणे श्रेयस्कर.

चाचणीचा कागद

तोंडी ठरलेली चाचणी पुढे नवा तंटा उभा करते. निकाल विरुद्ध गेला की मालक म्हणतो, ‘‘त्या आठवड्यात बाजारच थंड होता.’’ म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एक पानाचा कागद लिहून दोघांनी सही करावी. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

१) प्रश्न एकच असावा. उदाहरणार्थ, ‘दर समोर दाखवावेत की नाव-पत्ता घेऊन दाखवावेत?’ रंग, छायाचित्र व दर तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

२) काय मोजायचे ते आधी ठरवावे. ऑर्डर, फोन की व्हॉट्सअ‍ॅपवरील चौकशी? ‘पान किती लोकांनी पाहिले’ हे मोजून पोट भरत नाही.

३) मुदत पूर्ण आठवड्यांची असावी. दोन्ही पाने एकाच काळात चालावीत. या आठवड्यात ‘अ’ आणि पुढच्या आठवड्यात ‘ब’ असे करू नये, कारण पगाराचा आठवडा व महिनाअखेर सारखी नसते. ईद किंवा दिवाळीच्या तोंडावरील गर्दी वर्षभराच्या ग्राहकासारखी वागेलच असे नाही, म्हणून एरवीच्या पानाचा निर्णय त्या दिवसांतील आकड्यांवर घेऊ नये.

४) मुदतीपूर्वी निकाल जाहीर करू नये. तिसऱ्या दिवशी आपले पान पुढे दिसले म्हणून चाचणी बंद करणे म्हणजे सामन्यात आपण पुढे असताना शिट्टी वाजविणे होय.

५) निकालात फरक आढळला नाही तर कोणाचे पान ठेवायचे? आमच्या कागदावर अशा वेळी मालकाचे पान ठेवण्याची अट असते. धंदा त्याचा आहे.

६) शेवटचा हप्ता ‘मालकाला पसंत पडल्यावर’ देय नसावा. ‘चाचणी पूर्ण होऊन निवडलेले पान लावल्यावर’ देय असावा. दुसरे पान बनविण्याची मजुरीही आधीच ठरवावी. हे एक वाक्य कागदावर आल्यापासून आमची वसुली पुष्कळ सुधारली आहे.

लहान दुकानाचा हिशोब

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओबामांच्या पानावर तीन लाख लोक आले. आपल्या सोलापूरच्या व्यापाऱ्याच्या पानावर किती येणार?

समजा, शंभरांतील दोन लोक ऑर्डर देतात आणि नव्या पानावर तीन देतील अशी आपली आशा आहे. हा फरक खरा की योगायोगाचा, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगण्यासाठी संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ठोकताळ्याने प्रत्येक पानापुढे सुमारे ३,९०० लोक यावे लागतात. दोन्ही मिळून ७,८००. रोज ४०० लोक येत असतील तर तीन आठवड्यांत काम होईल. रोज ४० च येत असतील तर १९५ दिवस, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळ लागेल.

मधल्या काळात आकडे फसवितात. समजा, दोन्ही पानांपुढे दोनशे-दोनशे लोक आले. एकावर चार ऑर्डरी आल्या, दुसऱ्यावर सात. ‘पाऊणपट वाढ!’ असे म्हणून पेढे वाटण्याचा मोह होतो. परंतु चार आणि सात यांतील हा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडू शकतो. असा आकडा दाखवून मालकाला गप्प बसविणे सोपे आहे, पण ते खरे नाही. दोन महिन्यांनी विक्री वाढलेली दिसली नाही की आपली पत जाते.

पाच माणसांची चाचणी

मग लहान दुकानदाराने काय करावे? त्याच्यासाठी दुसरी पद्धत आहे. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असा हिशोब मांडला की, एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि पाच माणसांना वापरावयास दिले की सुमारे ८५ टक्के अडचणी कळून येतात. यात टक्केवारीने जिंकणे-हरणे नसते. माणूस कोठे अडतो ते डोळ्यांनी दिसते, आणि पुष्कळदा तेवढ्याने वाद मिटतो.

मालकाच्या खऱ्या ग्राहकांसारखी पाच माणसे शोधावीत. आपले मित्र किंवा मालकाचे नोकर नकोत. एकेकाला त्याच्याच मोबाइलवर पान उघडून द्यावे आणि काम सांगावे : ‘‘लग्नघरासाठी पन्नास चादरी घ्यायच्या आहेत. किती पैसे लागतील ते शोधा आणि ऑर्डर करा.’’ दोन्ही पाने दाखवायची असतील तर निम्म्यांना आधी ‘अ’ आणि निम्म्यांना आधी ‘ब’ द्यावे. ‘‘कोणते आवडले?’’ असे विचारू नये, कारण लोक भिडेखातर गोड बोलतात. तो काय करतो ते पाहावे. तो अडला तर मदत करू नये. आणि मालकाला शेजारी बसवावे, मात्र तोंडातून एक शब्दही काढायचा नाही, ही अट घालून.

ही शेवटची बाब सर्वांत मोलाची आहे. दर सापडत नाही म्हणून वैतागून मोबाइल परत देणारे गिऱ्हाईक मालकाने स्वतः पाहिले की आपल्याला वाद घालावा लागत नाही. पाच माणसांना चहा-नाश्ता व येण्याजाण्याचे भाडे देऊन एका दुपारी हे काम उरकते.

आम्ही हरलो तेव्हा

एका फर्निचरच्या दुकानदाराचा आग्रह होता की, पानाच्या अगदी वर त्यांचे छायाचित्र, दुकानाचा फोटो आणि फोन नंबर ठळक अक्षरांत हवा. आम्हाला ते गावठी वाटले. निवडणुकीच्या फलकासारखे दिसेल, असे आम्ही आपसात बोललोही. आमच्या पानावर सुबक छायाचित्रे होती, नंबर तळाशी बारीक अक्षरांत. पाच माणसांची चाचणी घेतली. चौघांनी आमच्या पानावर पहिल्यांदा नंबरच शोधला. एक बाई म्हणाल्या, ‘‘पलंगाचे आगाऊ पैसे द्यायचे तर समोर माणूस कोण आहे ते दिसायला नको का?’’ दुकानदार काही बोलले नाहीत, नुसते हसले. आम्ही त्यांचे पान लावले. पुढे त्यांनीच आम्हाला आणखी दोन कामे मिळवून दिली.

मालकाला आपली प्रामाणिकता पटते ती आपण जिंकतो तेव्हा नव्हे, तर हरून निमूटपणे त्याचे पान लावतो तेव्हा. ज्याला हरण्याची तयारी नाही त्याने चाचणीचे नाव काढू नये.

कशाची चाचणी घेऊ नये?

प्रत्येक गोष्टीची चाचणी घेणे हाही एक रोग आहे. डग्लस बोमन हे नामांकित डिझाइनर २००९ साली गूगल सोडून गेले. दोन निळ्या रंगांपैकी एक निवडता न आल्याने तेथे एक्केचाळीस निळ्या छटांची चाचणी लावण्यात आली होती आणि एका रेषेची जाडी किती असावी यावरही पुरावा मागण्यात येई, अशी त्यांची तक्रार होती. ज्या गोष्टीने विक्रीत फरक पडण्याचा संभव नाही, तेथे मालकाचे ऐकून मोकळे व्हावे. एका कामात दोन, फार तर तीन चाचण्या पुरेत.

दुसरे असे की, जे गैर आहे ते चाचणीत जिंकले तरी लावू नये. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ असे खोटे लिहिल्याने विक्री वाढेलही. न मागता टोपलीत वस्तू टाकली तर काही लोक तिचे पैसे भरतीलही. परंतु भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई आणि टोपलीत गुपचूप माल टाकणे या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. कायदा नसता तरी फसविलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि हा तोटा तीन आठवड्यांच्या चाचणीत दिसत नाही.

शेवटी या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. चाचणीने मतभेद मिटतात, नियत बदलत नाही. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला दहा आकडे दाखविले तरी तो अकरावे कारण काढील. त्याच्यासाठी आगाऊ रक्कम व लेखी करार हाच इलाज आहे. आणि जो मालक चाचणीलाही तयार नसेल, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, त्याप्रमाणे काम चोख करून द्यावे आणि दोन महिन्यांनी विक्रीचे आकडे घेऊन पुन्हा बसण्याचे ठरवावे.

त्या चादरीच्या व्यापाऱ्यांचे पान बरोबर होते की आमचे, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. पाच माणसे आणि एक दुपार खर्च केली असती तर दोघांनाही कळले असते, आणि कदाचित आजही ते आमच्याकडे काम देत असते.